मायक्रोबायोलॉजीचं प्रॅक्टिकल सगळ्यांना जमावं म्हणून काय काय बदलायचं, पायरी पायरीने

मायक्रोबायोलॉजीचं प्रॅक्टिकल आखताना आपण नकळत एक विद्यार्थी गृहीत धरलेला असतो. त्याला जांभळा आणि गुलाबी स्पष्ट वेगळे दिसतात, तीन तास उभं राहायला त्याला काही वाटत नाही, हात थरथरत नाही, प्रतिकारशक्ती ठणठणीत, घरी तान्हं बाळ नाही, आणि जीवाणू वाढायला ठेवलेली प्लेट उद्या सकाळी बघायला यायची त्याला कसलीच अडचण नाही. असा विद्यार्थी वर्गात असतोच, पण बाकीचेही असतात ना, आणि त्यांच्यासाठी आपण काय करतो तर कोणी येऊन सांगितलंच तर सवलत देतो. गंमत अशी की बहुतेक जण येऊन सांगतच नाहीत, कारण कोणाला लाज वाटते, कोणाला "याला जमत नाही" हा शिक्का नको असतो, आणि रंग ओळखण्याच्या बाबतीत तर कित्येकांना आपल्याला वेगळं दिसतंय हेच माहीत नसतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, सवलत मागायची वेळच येऊ नये इतपत प्रॅक्टिकल आधीच बदलून ठेवायचं. खालच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने करायला सांगेन त्या क्रमाने लिहिल्यात. काही मोठ्या आहेत, काही दोन मिनिटांच्या.

१. आधी प्रत्येक प्रॅक्टिकल उलगडून बघा

सिलॅबसमधली प्रॅक्टिकल्सची यादी घ्या आणि प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहा: यातून नेमकं काय शिकायचंय, आणि शिकण्याशी संबंध नसताना हे प्रॅक्टिकल विद्यार्थ्याकडून आणखी काय काय मागतं. ग्रॅम स्टेनिंग घ्या, म्हणजे जीवाणू रंगवून ते ग्रॅम पॉझिटिव्ह (जांभळे) की ग्रॅम निगेटिव्ह (गुलाबी) हे ठरवणं. शिकायचंय ते पेशीभित्तिकेतला फरक, डीकलरायझेशनचं (अल्कोहोलने रंग धुण्याचं) महत्त्व आणि रिझल्टचा अर्थ लावणं. पण ते वरून मागतं रंगदृष्टी, बारीक हातकाम, मायक्रोस्कोपच्या आयपीसला डोळा लावून वाकून बसणं, आणि घड्याळाकडे लक्ष ठेवत चार बाटल्या सांभाळणं. यातलं वरून मागितलेलं जे आहे ते बदलता येतं, शिकायचं आहे ते बदलायचं नाही. स्ट्रीकिंगचं (लूपने, म्हणजे तारेच्या कड्याने, जीवाणू प्लेटवर रेघांत पसरवण्याचं) मात्र वेगळं आहे, तिथे हातातली कसब हाच अभ्यासाचा विषय, तिथे अवजार बदला पण काम विद्यार्थ्यालाच करू द्या.

हे करताना लॅब असिस्टंटना सोबत बसवा हं. कोणाचा हात थरथरतो, कोण दर वेळी शेजाऱ्याच्या जर्नलमध्ये डोकावतो, कोण बर्नर पेटवायला घाबरतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

२. रंगांचा प्रश्न, आणि हा सगळ्यात मोठा

आपला अर्धा विषय रंगांवर चालतो. ग्रॅम स्टेनमध्ये जांभळा की गुलाबी, मॅक्कॉन्की या माध्यमावर गुलाबी की फिकट, टीएसआय या माध्यमात लाल की पिवळा, इंडोल टेस्टला लाल रिंग आली की नाही. लाल-हिरव्याचा गोंधळ होणारी रंगदृष्टी उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के आणि स्त्रियांत जेमतेम अर्धा टक्का असते, बाकी ठिकाणी प्रमाण थोडं कमी-जास्त. म्हणजे मोठ्या वर्गात असा एखादा तरी असणार हे धरूनच चालायचं. दर वेळी शेजाऱ्याचं उत्तर उतरवून घेणाऱ्याला आपण कॉपी करतो म्हणून ओरडतो, पण तो खरोखर काय बघतोय हे विचारत नाही.

ग्रॅम स्टेनपासूनच सुरुवात करा. प्रत्येक विद्यार्थ्याला एकाच स्लाईडवर तीन स्मिअर (जीवाणूंचे पातळ थर) करायला लावा, एका टोकाला स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस (ग्रॅम पॉझिटिव्ह), दुसऱ्या टोकाला ई. कोलाय (ग्रॅम निगेटिव्ह), मध्ये अज्ञात नमुना. आता विद्यार्थ्याला "हा रंग कुठला" हे ठरवायचं नाहीये, "हा डावीकडच्यासारखा की उजवीकडच्यासारखा" एवढंच ठरवायचंय. ज्याला रंगाचं नाव सांगता येत नाही त्यालाही गडद-फिका फरक बऱ्याचदा कळतो, शिवाय कंट्रोलमध्ये, म्हणजे टोकांच्या ओळखीच्या जीवाणूंत, एक गोल आणि एक दांडा असल्यामुळे आकाराचाही आधार मिळतो. वरून फायदा असा की कोणी अल्कोहोल जास्त वेळ ठेवलं असेल तर एपिडर्मिडिससुद्धा गुलाबी होऊन बसतो आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. कल्चर (वाढवलेले जीवाणू) ताजं घ्या, १८ ते २४ तासांचं, कारण जुन्या कल्चरमध्ये ग्रॅम पॉझिटिव्ह पेशीही रंग सोडायला लागतात आणि मग चांगली रंगदृष्टी असणाऱ्यालाही काही धड कळत नाही.

दुसरी युक्ती फिल्टरची. ग्रॅम स्टेनमधला जांभळा रंग, क्रिस्टल व्हायोलेट, पिवळ्या-नारिंगी प्रकाशाच्या पट्ट्यात जास्त शोषतो आणि गुलाबी रंग, सॅफ्रानिन, हिरव्याच्या आसपास, म्हणून मायक्रोस्कोपच्या दिव्यावर नारिंगी फिल्टर ठेवला की जांभळ्या पेशी गडद राहतात आणि गुलाबी फिक्या पडतात. फिल्टर फिल्टरमध्ये फरक असतो तेव्हा वर्गाआधी आपल्या कंट्रोल स्लाईडवर करून बघा, मगच विद्यार्थ्यांना द्या.

तिसरी गोष्ट केओएच टेस्ट, जी मला वाटतं सगळ्यांनाच शिकवायला हवी. स्लाईडवर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा एक थेंब, त्यात कॉलनीचा (प्लेटवर वाढलेल्या जीवाणूंच्या ठिपक्याचा) भरपूर भाग मिसळायचा, मिनिटभर घोटायचा आणि लूप हळूहळू वर उचलायची. ग्रॅम निगेटिव्ह असेल तर पेशी फुटून डीएनए बाहेर येतो आणि लूपमागे चिकट तार निघते, पॉझिटिव्ह असेल तर पाण्यासारखं पातळच राहतं. रंगाचा संबंधच नाही. अपवाद असतात त्यामुळे ग्रॅम स्टेनची जागा ही टेस्ट पूर्णपणे घेत नाही, पण दोन पद्धतींचे रिझल्ट जुळले नाहीत तर का नाही यावर जी चर्चा होते ती कुठल्याही लेक्चरपेक्षा भारी असते.

बायोकेमिकल टेस्टना रॅकमध्ये नेहमी तीन ट्यूब कायम ठेवा: इनॉक्युलेट न केलेली (जीवाणू न घातलेली), ठरलेली पॉझिटिव्ह, ठरलेली निगेटिव्ह. जिथे इंडिकेटर (आम्लतेनुसार रंग बदलणारं द्रव्य) निवडायची मुभा आहे तिथे फिनॉल रेडच्या लाल-पिवळ्यापेक्षा ब्रोमोथायमॉल ब्ल्यूचा निळा-पिवळा पुष्कळांना सोपा जातो. जर्नलमध्ये नुसता रंग लिहून घेऊ नका, "माध्यम गढूळ, तळाला काळं, जेलला तडा, वर चकाकी" असं सगळं लिहायला लावा, टीएसआयमधला काळा हायड्रोजन सल्फाईड आणि गॅसमुळे पडलेली भेग रंगदृष्टीशिवायही दिसतात, ईएमबी या माध्यमावरच्या ई. कोलायची धातूसारखी चकाकीही दिसते. मोबाईलचा कॅमेरा रोखून रंगाचं नाव सांगणारी ॲप्स आहेत, ती वापरायला खुली परवानगी द्या, फक्त मोबाईल झिपच्या पारदर्शक पिशवीत ठेवून, आणि पिशवी लॅबमध्येच टाकून द्यायची.

स्लाईड्स आणि ग्राफमध्ये लाल-हिरवी जोडी टाळा. फ्लुओरेसन्सची चित्रं मॅजेंटा-हिरवी करा, ग्राफच्या रेषा तुटक आणि सलग अशा वेगळ्या करा, बास.

३. जीवाणू कुठला निवडायचा

अमेरिकेत २०१० ते २०११ मध्ये साल्मोनेला टायफिम्युरियम या जीवाणूची एक साथ क्लिनिकल आणि टीचिंग मायक्रोबायोलॉजी लॅबशी जोडलेली निघाली, १०९ जण आजारी पडले आणि एक मृत्यूही त्या साथीशी जोडला गेला. त्यातली मला जास्त महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे लॅबमध्ये शिकणाऱ्या-काम करणाऱ्यांच्या घरातली लहान मुलंही आजारी पडली, जी बिचारी लॅबच्या जवळपासही गेली नव्हती. जीवाणू गेला कसा असेल? पेन, वही, मोबाईल, कोट, हात. त्यानंतर टीचिंग लॅबसाठी अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायोलॉजीने वेगळी सुरक्षा-तत्त्वंही काढली.

समावेशकतेचा आणि याचा संबंध इथे आहे, की वर्गात कोणी गरोदर असतं, कोणी इम्युनोसप्रेसंट औषधं घेत असतं, कोणाला डायबेटिस असतो, कोणाच्या घरी केमोथेरपी चालू असलेली आई असते. त्यांनी हे शंभर जणांसमोर सांगावं अशी अपेक्षा ठेवू नका, आणि तुम्हीही "कोणी प्रेग्नंट आहे का" असं विचारू नका (विचारणारे आहेत!). पहिल्याच दिवशी सगळ्यांना एक पान द्या, त्यात या टर्ममध्ये वापरायच्या प्रत्येक जीवाणूचं नाव, त्याची बायोसेफ्टी लेव्हल (धोक्याची पातळी, १ सगळ्यात कमी), कोणाला जास्त धोका असू शकतो, आणि शंका असेल तर हे पान घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटा एवढं लिहा. पुढचा निर्णय त्यांचा.

मग जमेल तिथे जीवाणूच बदला. ई. कोलाय के-१२, बॅसिलस सबटिलिस, मायक्रोकॉकस ल्युटियस, स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसचे लेव्हल १ मधले स्ट्रेन यांच्यावर स्ट्रीकिंग, स्टेनिंग, एंडोस्पोअर, ग्रोथ कर्व्ह, कॉलनी मोजणं हे सगळं होतं. कोॲग्युलेज टेस्टला (जीवाणू रक्तातला प्लाझ्मा गोठवतो का ते बघायला) मात्र स्टॅफिलोकॉकस ऑरियस लागतोच, आणि तो लेव्हल २ चा, तेव्हा लॅब त्या दर्जाची नसेल तर डेमो व्हिडिओ आणि प्लेट्सचे चांगले फोटो वापरा, त्यावरून रिझल्ट वाचायला शिकता येतं.

पर्यावरणातून घेतलेल्या नमुन्यांच्या प्लेट टेपने बंद करून बाहेरूनच बघायच्या, लेव्हल १ च्या लॅबमध्ये उघडून सबकल्चर करायच्या (त्यातले जीवाणू नव्या प्लेटवर वाढवायचे) नाहीत, कारण त्यावर काय उगवलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. आणि स्वतःच्या नाकाचा स्वॉब घ्यायचं ते लोकप्रिय प्रॅक्टिकल मला तर बंदच करावंसं वाटतं. साधारण तीनातल्या एका माणसाच्या नाकात ऑरियस असतो, कोणाच्या प्लेटवर तो निघाला की त्याचं नाव फळ्यावर, आणि मग वर्षभर चेष्टा.

लॅबमधले पेन लॅबमध्येच राहतील असा एक डबा ठेवा. कोट आणि गॉगलही लॅबने ठेवावेत आणि धुवावेत, म्हणजे विकत घ्यायचा प्रश्न मिटतो आणि घरी काही जातही नाही.

४. बाक, ज्योत, हात, कान

बर्नरऐवजी इलेक्ट्रिक लूप स्टरिलायझर किंवा निर्जंतुक प्लॅस्टिकच्या लूप ठेवल्या की एका फटक्यात बरेच प्रश्न सुटतात, हात थरथरणारा, ज्योतीला घाबरणारा, डोकं झाकणारं वस्त्र किंवा पगडी घालणारा, व्हीलचेअरवरून हात वर पोचत नसलेला, सगळेच काम करू शकतात. लूपच्या दांड्यावर जाड फोमची नळी चढवली की पकड सुधारते. किमान एक बाक कमी उंचीचा आणि खालून मोकळा हवा, गुडघे आत जातील असा, आणि त्या बाकावर सिंक, इनॉक्युलम, डिस्कार्डचं भांडं सगळं हाताच्या अंतरावर. त्याला लांब कोपऱ्यात "स्पेशल" म्हणून ढकलू नका, मधल्या रांगेत ठेवा.

एका मायक्रोस्कोपला कॅमेरा लावून स्क्रीन जोडा. मान-पाठ दुखणाऱ्यांना, कमी दिसणाऱ्यांना, आणि खरं सांगायचं तर शिक्षकालाही बरं, कारण विद्यार्थी जीवाणू बघतोय की आपलीच पापणी ते कळतं!

अजिबात न दिसणारा विद्यार्थी असेल तर पेशीभित्तिका, बॅक्टेरिओफाज (जीवाणूंना लागण करणारे विषाणू), कॉलनीचे आकार यांचे हाताने चाचपता येणारे मॉडेल आणि उठाव असलेल्या आकृत्या लागतील. लॅबमध्ये सोबत एक मदतनीस द्या, पण नियम पक्का: हात मदतनीसाचे, निर्णय विद्यार्थ्याचा. किती थेंब, किती सेकंद, कुठली ट्यूब आधी, हे विद्यार्थ्याने सांगायचं आणि मदतनीसाने तेवढंच करायचं, चुकीचं सांगितलं तरी चुकीचंच करायचं (धोका असेल ते सोडून). नाहीतर मार्क मदतनीसाला मिळतात.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी डेमो देताना एकाच वेळी बोलू आणि दाखवू नका. विद्यार्थी एक तर तुमचे ओठ किंवा दुभाष्याचे हात बघेल, नाहीतर तुमची लूप. आधी सांगा, मग गप्प राहून करून दाखवा. सेफ्टी कॅबिनेटचा पंखा चालू असताना सूचना देणं व्यर्थ आहे, त्या आधीच कार्डावर लिहून द्या. ऑटोक्लेव्ह आणि आगीच्या अलार्मला दिवाही असू द्या.

ते सूचना-कार्ड एकेका पायरीला एकेक ओळ आणि शेजारी टिक करायला चौकट असं केलंत तर लक्ष विचलित होणाऱ्या, घाबरणाऱ्या मुलांना त्याचा फार आधार होतो. बाकीचेही तेच वापरतात.

५. दुसरा दिवस

केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल त्याच दिवशी संपतं, आपलं नाही, आपल्याला २४ तास थांबावं लागतं, कधी ४८. जो नोकरी करून शिकतो, जिला घरी आजारी माणूस सांभाळायचंय, ज्याची गाडी दिवसातून एकदाच आहे, त्याचा रिझल्ट इथेच बुडतो आणि हजेरीपत्रकात तो फक्त "अनुपस्थित" दिसतो.

उपाय सोपे आहेत. इन्क्युबेशनची (उबेत वाढू देण्याची) वेळ संपली की लॅब असिस्टंटने प्लेट ४ अंशांच्या फ्रिजमध्ये हलवायच्या, वाढ जवळपास थांबते, मग विद्यार्थी पुढच्या तासाला येऊन वाचू शकतो. जिथे वेळेवरच वाचावं लागतं, म्हणजे टीएसआयसारखं, जे उशीर झाला तर वर पुन्हा लाल पडून फसवतं, तिथे ठरलेल्या वेळी फोटो काढायचा, शेजारी कंट्रोल ट्यूब, पट्टी आणि नावाचं लेबल ठेवून, आणि वर्गाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. कॉलनी मोजायला तर फोटो उलट बरा पडतो, मोठा करून मोजता येतं. ३० ते ३०० कॉलनी असलेली, मोजायला योग्य प्लेट कुठली हे विद्यार्थ्यानेच ठरवावं म्हणून सगळ्या डायल्युशनचे (कमी-जास्त पातळ केलेल्या नमुन्यांचे) फोटो द्या, नेमकी "बरोबर" असलेली एकच प्लेट नको.

६. गटात कोण काय करतं

चार जणांचा गट आपला आपला सोडून दिला की दहा मिनिटांत एकाच्या हातात पिपेट असते आणि एक मुलगी सुवाच्य अक्षरात सगळ्यांचं लिहून घेत असते. हे आपोआप होतं आणि आपोआप टर्मभर चालू राहतं. भूमिका चिठ्ठीवर लिहून द्या, हाताळणारा, वेळ आणि सुरक्षा बघणारा, नोंद करणारा, शंका काढणारा, आणि दर प्रॅक्टिकलला फिरवा. शंका काढणाऱ्याचं काम फक्त "हे का करतोय" विचारत राहायचं. सगळ्यात शांत विद्यार्थ्याला ती भूमिका दिली की तो बोलायला लागतो, कारण आता बोलणं हे त्याचं काम आहे, आगाऊपणा नाही.

७. लेक्चर

इथे फार लिहीत नाही कारण हे कुठल्याही विषयाला लागू आहे. २०१४ साली विज्ञान आणि गणिताच्या कॉलेज-शिक्षणावरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास व्हायची शक्यता दीडपट निघाली. प्रश्न विचारल्यावर सेकंदात उत्तर न आल्यास आपण स्वतःच उत्तर देऊन टाकतो, तीन सेकंद तरी थांबा, तेवढ्यानेही उत्तरं लांब आणि जास्त जणांकडून येतात. लाजाळूंसाठी आधी शेजाऱ्याशी बोलू द्या, ते कुठल्या भाषेत बोलतात त्याच्याशी आपल्याला काय करायचंय? लॉग फेज, लॅग फेज (जीवाणूंच्या वाढीचे टप्पे) कळला की झालं. जड शब्दांची यादी धड्याच्या आधी द्या, नावं तोंडाने म्हणून दाखवा, आणि उच्चार चुकला म्हणून कोणाला हसू देऊ नका. पुस्तकाचा खर्च नको असेल तर ओपनस्टॅक्सचं मायक्रोबायोलॉजी हे २०१६ चं पाठ्यपुस्तक ऑनलाईन फुकट आहे.

८. शोधांची आणि रोगांची गोष्ट कशी सांगायची

"महिला शास्त्रज्ञ" नावाची एक स्लाईड वर्षातून एकदा दाखवली की काम झालं असं नसतं, ते उरकून टाकणं झालं. नाव तिथे घ्या जिथे ते मुळात येतं. अगार शिकवताना फॅनी हेसे, जिने १८८१ मध्ये जिलेटिनऐवजी अगार सुचवला आणि जीवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या १८८२ च्या क्षयरोगावरच्या लेखात अगारचा उल्लेख आला पण तिचा नाही. लॅम्डा फाज हा बॅक्टेरिओफाज शिकवताना तो शोधणारी एस्थर लेडरबर्ग. कॉलराचं टॉक्सिन आलं की शंभू नाथ डे, ज्यांनी १९५९ मध्ये जीवाणू गाळून काढलेल्या द्रवानेही आतड्यात तोच परिणाम होतो हे दाखवलं. देवीच्या लसीआधीच्या टोचण्याचा विषय निघाला की ओनेसिमस, बॉस्टनमधला गुलाम आफ्रिकन माणूस, ज्याच्याकडून ती पद्धत कळली आणि १७२१ च्या साथीत तिथे वापरली गेली.

उलटी बाजूही सांगा. सिफिलिसवर पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही अमेरिकेतल्या टस्कीगीच्या अभ्यासातल्या कृष्णवर्णीय पुरुषांना ते दिलं गेलं नाही, तो अभ्यास १९३२ ते १९७२ चालला. काही लोक वैद्यकीय व्यवस्थेवर विश्वास का ठेवत नाहीत हे त्याशिवाय कसं कळणार.

एचआयव्ही, क्षयरोग, कुष्ठरोग शिकवताना असं समजून बोला की यातला एखादा आजार असलेली व्यक्ती समोर बसलीय, कारण खरंच असू शकते. "एड्सचा रोगी" नको, "एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती" म्हणा, विनोद तर नकोतच. रोगाला देशाचं, लोकांचं किंवा प्राण्याचं नाव देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलंय आणि मंकीपॉक्सचं एमपॉक्स २०२२ मध्ये झालं, यावर वर्गात पंधरा मिनिटं चर्चा घ्या, छान होते.

९. परीक्षा आणि मधली चिठ्ठी

घंटा वाजली की पुढच्या मायक्रोस्कोपवर, ही स्पॉटिंगची पद्धत डोळे आणि पाय किती चपळ आहेत ते जास्त मोजते. त्याऐवजी फोटो, कंट्रोल आणि थोडी माहिती एकत्र द्या आणि "हा जीवाणू कोण, कशावरून, अजून कुठली टेस्ट कराल" विचारा, वेळ सगळ्यांनाच सैल ठेवा. मार्क कशाला किती आहेत ते आधी सांगा. व्हायवामध्ये बोलताना अडखळणाऱ्याला उत्तर लिहून दाखवायचा पर्याय सगळ्यांसमोर जाहीर असावा, एकट्याला कानात सांगितलेला नाही.

आणि टर्मच्या मध्यावर, शेवटी नाही, बिननावाची चिठ्ठी घ्या, दोनच प्रश्न: लॅबमध्ये कुठली गोष्ट करताना अडायला होतं, आणि आम्ही काय बदललं तर बरं होईल. पुढच्या आठवड्यात त्यातली किमान एक गोष्ट बदलून दाखवा आणि जे बदलता येणार नाही ते का नाही तेही सांगा, नाहीतर पुढच्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्याच येतात.